जुना डीसी उतरवताना

भोसरीतल्या ज्या कारखान्यात मी आयटी सांभाळते तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. संगणक शे-सव्वाशे. त्या सगळ्यांचं लॉगिन, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा), डीएचसीपी (संगणकांना आयपी पत्ते वाटणारी सेवा), फाइल शेअर, प्रिंटर, असा सगळा भार एकाच टॉवर सर्व्हरवर, आणि त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२. हाच आमचा डीसी, म्हणजे डोमेन कंट्रोलर: कारखान्यातल्या खात्यांची आणि संगणकांची डिरेक्टरी (हिचाच कारभार म्हणजे डोमेन) सांभाळणारा सर्व्हर. हा बदलायला हवा असं मी दर बजेटला लिहून द्यायचे आणि "चालू आहे ना?" असा शेरा मारून कागद परत यायचा. चालू होता हे खरंच होतं, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती.

२०२३ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. २०१२ आर२ चा विस्तारित सपोर्ट १० ऑक्टोबरला संपणार होता, आणि त्याच सुमारास आमच्या एका मोठ्या ग्राहकाने सगळ्या पुरवठादारांना माहिती-सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवली. सपोर्ट संपलेली ऑपरेटिंग सिस्टिम वापरात आहे का, असा एक प्रश्न त्यात होता. ऑर्डरवर गदा येईल म्हटल्यावर कागद मंजूर झाला.

मग परचेसला कॅलने, म्हणजे सर्व्हरला जोडण्याच्या परवान्याने, घाम फोडला. सर्व्हरचं लायसन्स घेतलं की विषय संपला, अशी त्यांची समजूत. पण आम्ही घेणार होतो त्या विंडोज सर्व्हर २०२२ ला जोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक संगणकामागे त्याच आवृत्तीचं नाहीतर त्यापुढचं कॅल लागतं. २०१२ ची कॅलं चालत नाहीत. शॉपफ्लोअरवर एका संगणकावर तीन पाळ्यांत तीन माणसं बसतात, म्हणून तिथे डिव्हाइस कॅल घेतली आणि ऑफिसात युजर कॅल. एवढ्या वाटणीने आकडा बराच खाली आला. असंच काम कोणाला करायचं असेल तर ही मोजणी कोटेशन मागवायच्या आधी करावी, नंतर परचेससमोर बसून करू नये.

सर्व्हर विकणाऱ्या पार्टीकडून एक इंजिनियर यायचा होता. "मॅडम, एका गुरुवारचं काम आहे," तो म्हणाला. आमच्या भागात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून गुरुवार. नव्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर करण्यापुरतं बघितलं तर तो बरोबरच होता, त्याला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. पण आमचं डोमेन २०१२ आर२ वर जन्मलेलं नव्हतं. ते २००३ च्या सर्व्हरवर जन्मलं, पुढे कधीतरी या टॉवरवर आणलं गेलं, आणि ज्यांनी आणलं ते केव्हाच नोकरी सोडून गेले. काय काय अर्धवट राहिलंय ते बघितल्याशिवाय मी त्याला हात लावू देणार नव्हते.

सुरुवात बॅकअपपासून केली. सिस्टिम स्टेटचा, म्हणजे डिरेक्टरीसकट सर्व्हरच्या गाभ्याचा, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. पण तो परत चढवायची वेळ आली तर डीएसआरएमचा (डिरेक्टरी दुरुस्त करायला सर्व्हर ज्या मोडमध्ये चालू करतात त्याचा) पासवर्ड लागतो, आणि तो आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हता. सर्व्हर चालू असताना एनटीडीएस-युटिल या कमांडमधून तो नवा घालता येतो. घातला, पाकिटात बंद केला आणि फायनान्सच्या साहेबांच्या तिजोरीत ठेवायला दिला. मग टूम्बस्टोन लाइफटाइम बघितला. डिलीट केलेल्या नोंदी डिरेक्टरीत किती दिवस खूण म्हणून राहतात तो हा आकडा, आणि त्याहून जुना बॅकअप कामाचा नसतो. हल्ली सगळे १८० दिवस धरून चालतात. आमच्याकडे ती जागा रिकामी होती, आणि रिकामी म्हणजे ६० दिवस. मूळ २००३ वर उभ्या राहिलेल्या डोमेनांत हे सर्रास सापडतं. तो १८० केला.

डीसीची तपासणी करणारं डीसीडायग चालवलं आणि इव्हेंट लॉग उघडला तेव्हा खरं दुखणं दिसलं. फाइल रेप्लिकेशन सर्व्हिसच्या लॉगमध्ये १३५६८ नंबरची एरर, जर्नल रॅप, आणि तीही लॉग जितका मागे जातो तितकी मागे. लॉगिन स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसी (सगळ्या संगणकांना लागू होणारे नियम) ज्या सिसव्हॉल फोल्डरात असतात, त्याच्या प्रती डीसींमध्ये सारख्या ठेवण्याचं काम ही सर्व्हिस करते. डिस्कवर काय बदललं याची एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम रोजमेळासारखी एक नोंद (जर्नल) ठेवते, तिच्यावरून सर्व्हिसला कळतं काय पाठवायचं. या नोंदीला ठरावीक जागा असते. भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. सर्व्हिस काही काळ बंद पडली आणि तेवढ्यात तिने न वाचलेल्या नोंदी पुसल्या गेल्या, की ती हात वर करते. आमच्याकडे कधीतरी वीज जाऊन हे झालं असावं. पण प्रत पाठवायला दुसरा डीसीच नव्हता, त्यामुळे कोणाचंही काही अडलं नाही आणि कोणाला पत्ताही लागला नाही. नवा डीसी जोडला असता तर मात्र त्याच्या वाट्याला रिकामा सिसव्हॉल आला असता.

त्या एररच्या मजकुरातच एक उपाय लिहिलेला असतो: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) अमुक व्हॅल्यू १ करा, म्हणजे सर्व्हिस आपोआप सावरेल. एकच डीसी असलेल्या ठिकाणी हे अजिबात करू नये. सर्व्हिस स्वतःकडचा सिसव्हॉल बाजूला सारते आणि जोडीदाराकडून नवी प्रत येण्याची वाट बघत बसते. जोडीदार नाही, म्हणजे प्रत येत नाही, शेअर नाहीसा होतो आणि सकाळी कोणालाच पॉलिसी मिळत नाही. एकट्या डीसीसाठी उपाय वेगळा: माझ्याकडचीच प्रत खरी, असं त्याला सांगायचं. सर्व्हिस थांबवून बरफ्लॅग्ज नावाची व्हॅल्यू हेक्साडेसिमलमध्ये डी४ करायची आणि सर्व्हिस पुन्हा चालू करायची. सिसव्हॉलमधल्या पॉलिसी आणि स्क्रिप्ट आधी वेगळ्या फोल्डरात कॉपी करून ठेवल्या, मगच हे केलं. थोड्या वेळाने लॉगमध्ये १३५१६ आला. सिसव्हॉल ठीक आहे, डीसी म्हणून काम करायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ.

एवढं होऊनही नवा सर्व्हर जोडता येणार नव्हता, कारण ती जुनी सर्व्हिस विंडोज सर्व्हर २०१६ पर्यंतच चालते. डोमेनचा सिसव्हॉल तिच्यावर असेल तर २०१९ किंवा २०२२ चा सर्व्हर डीसी व्हायलाच नकार देतो. आधी तो डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्यावा लागतो, आणि त्यासाठी डोमेनची फंक्शनल लेव्हल किमान २००८ हवी. आमची अजून २००३! टॉवर २०१२ चा, पण डोमेन आपलं २००३ च्याच नियमांनी चाललेलं. २००३ चा कुठलाही डीसी उरलेला नव्हता, त्यामुळे लेव्हल सरळ २०१२ आर२ वर नेली. या उडीत लॉगिनच्या तिकिटांवर सही करणाऱ्या केआरबीटीजीटी खात्याचा पासवर्ड आपोआप बदलतो; त्यानंतर काही सर्व्हिसेस रुसल्याचं ऐकून होते, म्हणून हे पाळी सुटल्यावर केलं आणि सर्व्हर रीस्टार्ट करून घेतला.

डीएफएसआरचं स्थलांतर तीन टप्प्यांत होतं: प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड. पहिल्यात नवी प्रत शेजारी तयार होते, दुसऱ्यात शेअर त्या नव्या प्रतीवर वळतो, तिसऱ्यात जुनी प्रत जाते. पहिल्या दोन्हींवरून मागे फिरता येतं, तिसऱ्यावरून नाही. प्रत्येक टप्प्याला डीएफएसआरमिग या कमांडला स्थिती विचारायची आणि सगळे डीसी पोचल्याचं त्याने सांगितलं की पुढे जायचं. आमचा एकटाच डीसी तरीसुद्धा "प्रिपेअरिंग"वर रेंगाळला, कारण सर्व्हिस डिरेक्टरी अधूनमधूनच बघते. डीएफएसआरडायग पोलएडी ही कमांड दिली की ती लगेच बघते. रिडायरेक्टेडवर मी मुद्दाम काही दिवस थांबले, रोज सकाळी दोन-तीन टेबलांवर जाऊन पॉलिसी लागतेय का बघितलं, आणि तेवढे दिवस ग्रुप पॉलिसीत एक अक्षर बदललं नाही. मग तिसरा टप्पा.

तोपर्यंत नव्या सर्व्हरवर हायपर-व्ही (एकाच हार्डवेअरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) बसवून झालं होतं. स्टँडर्ड लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन चालतात: एक डीसीला दिली, दुसरी फाइल सर्व्हरला. डीसीवर फाइल शेअर ठेवायचे नाहीत एवढं एक मी या वेळी ठासून लिहून घेतलं होतं. दुसरा डीसी याच हार्डवेअरवर ठेवण्यात अर्थ नव्हता, मदरबोर्ड गेला तर दोघेही जातील. त्याच्यासाठी डिस्पॅचच्या इमारतीत वेगळं छोटं मशीन मागितलं आणि ते, ग्राहकाची प्रश्नावली पुन्हा दाखवून, मिळालं.

प्रमोशनबद्दल, म्हणजे नव्याला डीसी करण्याबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. भर आठवड्यात, दुपारी केलं. नवा डीसी जोडला म्हणून चालू कामाला धक्का लागत नाही. स्कीमा, म्हणजे डिरेक्टरीचा आराखडा, ६९ वरून ८८ वर जातो, ते विझार्ड आपण होऊन करतो. डीएनएसचं डेलिगेशन (वरच्या डोमेनमध्ये आपल्या डोमेनची नोंद) करता येत नाही असा पिवळा इशारा येतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आपलं डोमेन डॉट लोकल असेल तर त्याच्या वर कोणी मालकच नसतो, डेलिगेशन करणार कोण? पुढे जायचं. रीस्टार्टनंतर सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे दोन्ही शेअर दिसतात का ते बघायचं, आणि रेप्लिकेशन (डीसींमधली देवाणघेवाण) तपासणाऱ्या रेपअ‍ॅडमिनच्या गोषवाऱ्यात शून्य एरर हव्यात. शेअर दिसले, एररही शून्य.

पाचही फ्स्मो भूमिका (एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या जबाबदाऱ्या) पॉवरशेलच्या एका ओळीत नव्याकडे गेल्या. त्यांतल्या पीडीसी एम्युलेटरकडे मात्र मुद्दाम बघावं लागतं, कारण सगळं डोमेन वेळ त्याच्याकडून घेतं आणि केर्बेरॉस या लॉगिन-पद्धतीला घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. व्हर्च्युअल मशीन आपल्या होस्टकडून वेळ घेते, होस्ट डोमेनकडून घेतो, आणि डोमेन त्याच व्हर्च्युअल मशीनकडून. दोघं एकमेकांचं बघून घड्याळ लावणार! हायपर-व्हीचं टाइम सिंक त्या मशीनपुरतं बंद केलं आणि पीडीसीला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा (एनपीएल) टाइम सर्व्हर दिला. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवून घ्यायला सांगितलंच आहे, त्यामुळे ऑडिटची एक खूणचौकटही भरली. फायरवॉलवर यूडीपी १२३ हे वेळेचं पोर्ट उघडेपर्यंत वेळ येत नव्हती, हे सांगायला नको.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही चांगल्या मार्गदर्शिकेत सापडतं. माझा जीव खाल्ला तो पुढच्या भागाने. डिरेक्टरी नव्या घरी गेली होती, पण कारखान्यातल्या अर्ध्या वस्तूंना जुन्या सर्व्हरचा आयपी तोंडपाठ होता. डीएचसीपीवरच्या संगणकांची काळजी नव्हती. स्कोप आणि लीज (वाटायच्या आणि वाटलेल्या पत्त्यांच्या याद्या) एक्सपोर्ट करून नव्यावर आणल्या, ऑप्शन ६ मध्ये नवा डीएनएस घातला. प्रश्न हाताने आयपी टाकलेल्या यंत्रांचा. ती कुठे कुठे आहेत याची यादी नव्हती, आणि विचारून होणारही नव्हती. मेंटेनन्सवाले म्हणणार, "ते मशीनवाल्याने लावून दिलंय, आम्ही हात लावत नाही."

म्हणून जुन्या सर्व्हरच्या डीएनएसवर डीबग लॉगिंग चालू केलं. कोणत्या आयपीवरून कोण काय विचारतंय हे त्यात पडतं. डीएचसीपीच्या कक्षेतले आयपी गाळले आणि उरलेल्यांच्या मागे कागद घेऊन कारखानाभर फिरले. गेटवरची आणि कँटीनची हजेरीची बायोमेट्रिक यंत्रं. वजनकाट्याचा संगणक. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. सीएनसी मशीनना प्रोग्रॅम पाठवणारे दोन पीसी. स्टोअरचा लेबल प्रिंटर. फायरवॉल तर व्हीपीएनची लॉगिनंच जुन्या डीसीकडे एलडॅपने (डिरेक्टरीला विचारण्याच्या पद्धतीने) तपासत होती. डीएनएस न विचारता थेट आयपीवर जाणारी यंत्रं या लॉगमध्ये येत नाहीत हेही लक्षात ठेवायला हवं. झेरॉक्सच्या मोठ्या मशीनची स्कॅन-टू-फोल्डर त्यातली. ती जुन्या सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमधल्या लॉगिनांवरून सापडली.

सगळ्यात चिवट निघाला तो क्वालिटीतल्या सीएमएमचा पीसी. मोजमाप यंत्र उत्तम, त्याचं सॉफ्टवेअर मात्र विंडोज एक्सपीवरच चालतं आणि नव्यासाठी यंत्राच्या कंपनीने मागितलेली रक्कम कोणी देणार नव्हतं. एक्सपीला एसएमबी१ या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीशिवाय शेअर दिसत नाही, आणि २०२२ वर एसएमबी१ मुळात बसवलेलंच नसतं. इंजिनियर म्हणाला, "मॅडम, एक फीचर टिक करायचंय, चालू करून टाकू." डीसीवर एसएमबी१ चालू करायला मी साफ नकार दिला. २०१७ मध्ये वॉनाक्राय याच दारातून जगभर शिरलं होतं. एक्सपीला डोमेनमधून काढलं, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाकलं, आणि त्याचे रिपोर्ट एका छोट्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवण-डब्यावर) उतरवून तिथून फाइल सर्व्हरवर ओढून घेण्याची सोय केली. क्वालिटीच्या सरांना आता रिपोर्ट पाच-दहा मिनिटं उशिरा दिसतो. त्यांनी एकदा कुरकुर केली, मग सवय झाली.

एवढी यंत्रं शोधल्यावरही काही सुटली असणार हे उघड होतं, म्हणून नव्या डीसीला जुना आयपी द्यायचं ठरवलं. यावर मतभेद आहेत. काहींना हे आळशीपणाचं वाटतं, सगळी यंत्रं नव्या आयपीवर आणावीत असं ते म्हणतात. मला विचाराल तर कारखान्यात आयपी ठेवावा आणि नाव बदलावं. डीसीचं नाव जुन्याचंच ठेवण्याच्या खटपटीत डिरेक्टरीतल्या जुन्या नोंदी आणि नवं मशीन यांची गफलत होते. आयपीची अदलाबदल त्यामानाने सरळ असते.

गुरुवारी केलं. आधी जुन्याला दुसरा आयपी दिला, डीएनएसमध्ये नोंद करवली, नेटलॉगॉन रीस्टार्ट केला, रेप्लिकेशन दोन्ही बाजूंनी सुरळीत असल्याची खात्री केली. मग नव्याला रिकामा झालेला आयपी. पुन्हा तेच सगळं. वॉचमनकाका चहा घेऊन आले तेव्हा मी एका पीसीवर नुसतं लॉगिन-लॉगआउट करत बसले होते. "ताई, बिघडलं का काय?" असं त्यांनी विचारलं. चाललंय का तेच बघतेय म्हटल्यावर त्यांना ते फारसं पटलं नाही.

जुना सर्व्हर लगेच डीमोट केला नाही, म्हणजे डीसीपदावरून उतरवला नाही. नुसता बंद करून ठेवला आणि कोण बोंब मारतंय याची वाट बघितली. डीमोट केलेला डीसी परत आणता येत नाही, बंद केलेला एका बटणावर येतो. टूम्बस्टोनची मुदत उलटू द्यायची नाही एवढंच पथ्य. पहिली बोंब अकाउंट्सच्या मॅडमकडून आली. नेटवर्क ड्राइव्ह पॉलिसीने नव्या फाइल सर्व्हरवर वळवले होते, पण कॉस्टिंगच्या एक्सेल शीटा एकमेकींना जुन्या सर्व्हरच्या नावाने जोडलेल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या. त्या हाताने बदलणं अशक्य. डीमोशननंतर ते जुनं नाव मोकळं झालं की नेटडॉम या कमांडने फाइल सर्व्हरला जोडनाव म्हणून देता येतं, एसपीएनसुद्धा (केर्बेरॉसला लागणारी सेवांची नावं) त्याबरोबर नोंदले जातात. तोवर मॅडमना थांबवलं आणि त्यांनीही महिनाअखेर जवळ नसल्याने थांबून घेतलं. दुसरी बोंब डिस्पॅचमधून, एका लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर जुन्या प्रिंट शेअरवर. तिसरी आलीच नाही.

मग जुना चालू केला, रेप्लिकेशन पूर्ण होऊ दिलं आणि डीमोट केला. "हा डोमेनमधला शेवटचा डीसी आहे" या चौकटीत टिक करायची नाही, हे मी इंजिनियरला त्याचा हात माउसवर असताना पुन्हा एकदा सांगितलं. सरळ मार्गाने डीमोट केला तरी साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये त्याच्या नावाचं रिकामं ठोकळं शिल्लक राहतं, ते हाताने काढावं लागतं. डीएनएसमध्ये एनएसच्या नोंदी आणि डीसींचे पत्ते ठेवणाऱ्या एमएसडीसीएसच्या झोनमधलं उरलंसुरलं तपासलं. डिस्पॅचमधला दुसरा डीसी त्यानंतर उभा केला, फंक्शनल लेव्हल २०१६ वर नेली, डिरेक्टरीतल्या पुसलेल्या नोंदी परत आणणारा रिसायकल बिन चालू केला.

टॉवरच्या डिस्क टूलरूममध्ये नेऊन ड्रिल मारून घेतल्या. त्या डिस्कवर एनटीडीएस डॉट डीआयटी ही फाइल असते, तिच्यात सगळ्या खात्यांच्या पासवर्डचे हॅश. फॉरमॅट करून भंगारात देण्यासारखी ती वस्तू नाही. टूलरूमच्या दादांनी कुठल्या मापाचं भोक हवंय असं अगदी गंभीरपणे विचारलं.

आता सर्व्हिस अकाउंट्सचं, म्हणजे माणसांऐवजी सॉफ्टवेअर वापरतात त्या खात्यांचं, काम चालू आहे. फंक्शनल लेव्हल २००८ किंवा त्यापुढे गेल्यानंतर ज्या खात्याचा पासवर्ड बदलला नाही त्याच्याकडे एईएस या नव्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्याच नसतात, ते जुन्या, कमकुवत आरसी४ वर चालतं. माणसांचे पासवर्ड पॉलिसीने आपोआप बदलून गेले. "पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स" अशी टिक असलेली खाती तशीच राहिली. त्यांची यादी काढली, बॅकअपचं झालं, ईआरपीचं झालं, स्कॅनरचं झालं. हजेरीच्या सॉफ्टवेअरचं खातं बाकी आहे. त्याचा पासवर्ड कुठल्या कुठल्या स्क्रीनवर टाइप करून ठेवलाय हे ते बसवून देणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही, आणि पगाराच्या आठवड्यात मी त्याला हात लावणार नाही.